लहानांना नऊ आणि मोठ्यांना सात: शाळेची वेळ उलटी लागली आहे का?

नववीच्या बाई
मी नववीला विज्ञान शिकवते. शाळा सकाळी सातची. हजेरीला 'हजर' म्हणून वर केलेला हात खाली येईपर्यंत मुलगा पुन्हा पेंगतो. साडेदहानंतर प्रयोगशाळेत लिटमस लाल झाला की सगळ्यात आधी ओरडतो तो हाच.

८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. मुलांची झोप होत नाही, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं, त्यातून हे आलं. हेतू चांगलाच आहे. पण वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागतं आणि शरीराचं घड्याळ तास-दोन तास मागे पडतं. दहाला दिवा घालवला तरी डोळा लागत नाही. शिवाय दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. म्हणजे उशिराच्या शाळेची खरी गरज नववीला. आमची इमारत एक, सत्रं दोन. चौथीपर्यंतची मुलं दुपारच्या सत्रात गेली आणि सातच्या बाकांवर नववी-दहावी आली!

दहावीचा बाबा
ताई, मेलाटोनिन राहू द्या, आधी मोबाइल काढून घ्या. माझा मुलगा रात्री एक वाजेपर्यंत पांघरुणात रील बघतो. शाळा नऊची केलीत तर दोनला झोपेल. आम्हीही पहाटे उठूनच शिकलो की.

नववीच्या बाई
दादा, मोबाइलने भर पडते हे खरं, मीही रोज ओरडते. पण झोपेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या मेरी कार्सकॅडन यांनी पौगंडावस्था आणि उशिराची झोप यांचा संबंध १९९३ मध्ये मांडला. तेव्हा पोरांच्या हाती कुठला मोबाइल? 'आणखी उशिरा झोपतील' ही शंका अमेरिकेतल्या सिएटल शहरातही होती. तिथे २०१६ मध्ये मोठ्या मुलांची शाळा ७:५० वरून ८:४५ वर नेली. मनगटावर यंत्र बांधून मोजलं, तर झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली.

अकोलेकर गुरुजी
सिएटल थंड हो बाई. आमच्याकडे एप्रिलात पारा ४३ च्या वर जातो, पत्र्याखाली अकरानंतर पोरगं बसू शकत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळाच पाहिजे. तापलेल्या खोलीतही मेंदू चालत नाही, हेही लिहा.

बदलापूरहून
मला सातची लोकल धरावी लागते. मुलगी आठवीत. तिची शाळा नऊची झाली तर दोन तास ती घरात एकटी. कुलूप लावून तिने एकटीने निघायचं का? निर्णय घेताना आयांना कुणी विचारतं का?

कट्टर शंकेखोर
बाई, तुमच्याशी सहमत, पण 'मेंदूचं शास्त्र' या शब्दांची मला धास्ती वाटते. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाल्यांचा, म्हणजे मेंदू जागवला की पोरं डोळे बांधूनही वाचतात असं सांगणाऱ्यांचा, एक कार्यक्रम मी पुढच्या रांगेतून पाहिला. डोळ्यांवर पट्टी, आणि पोरगी कार्ड हनुवटीजवळ धरून नाकाशेजारच्या फटीतून वाचत होती. आईवडिलांनी हजारो रुपये भरलेले. मेंदूपेशीवरून थेट वर्गावर उडी मारू नका, मध्ये मानसशास्त्राचा पूल लागतो, हे अमेरिकी अभ्यासक जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. तुमचा सिएटलचा पुरावासुद्धा मेंदूत डोकावून आलेला नाही, झोप मोजून आलाय. म्हणून तर तो मला पटतो. धोरण त्यावरच बेतावं.

नववीच्या बाई
मान्य. मेलाटोनिन कारण सांगतं, निर्णय मोजमापावरच व्हावा. गुरुजी, उन्हाळ्याचे दोन महिने वेगळे धरू. बदलापूरच्या ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. शाळा लवकर उघडून वाचनालयात बसवणं एवढंच सुचतं, पण तिथे थांबायला माणूस लागेल. मी मुख्याध्यापकांना एवढंच मागितलंय की सातचा तास गणिताचा नको, खेळाचा ठेवा, मैदानावर उजेडात. ते म्हणाले, खेळाचे सर साडेआठला येतात.

दहावीचा बाबा
सर येईपर्यंत पालकांपैकी कुणी उभं राहिलं तर चालेल का? आठवड्यातून दोन दिवस मी येऊ शकतो.