कार्यालयातील लॅपटॉपमध्ये साठवलेला वायफाय पासवर्ड

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद
विषय: कार्यालयातील वायफायचा पासवर्ड

सन्माननीय सभासदहो,
सप्रेम नमस्कार. मंडळाच्या कार्यालयातील वायफाय मागील कार्यकारिणीच्या काळात बसवले गेले आणि त्याचा पासवर्ड आज कोणाकडेही लिहून ठेवलेला नाही. कार्यालयातला विंडोजचा लॅपटॉप मात्र सुरू करताच आपोआप जोडला जातो. गणेशोत्सवात नोंदणीच्या टेबलावर ठेवायच्या टॅबलेटना हेच इंटरनेट लागणार आहे. राउटरचे रीसेट बटण दाबून सगळे नव्याने सुरू करावे, अशी एक सूचना आली आहे. परंतु लॅपटॉपकडे पासवर्ड आहेच, तर तो तिथूनच वाचता येईल का, हे जाणकारांनी कृपया कळवावे. लॅपटॉपवरील विंडोज ११ जर्मन भाषेत आहे.
आपली,
सचिव

प्रेषक: एक आजीव सभासद
विषय: उत्तर: कार्यालयातील वायफायचा पासवर्ड

आदरणीय सचिवताई,
नमस्कार. रीसेटचे बटण कृपया कोणीही दाबू नये. त्याने केवळ वायफायचा पासवर्ड जात नाही, तर इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी दिलेली माहितीही पुसली जाते. काही कंपन्यांची जोडणी नंतर आपोआप सुरू होते, पण काहींच्या बाबतीत ग्राहक झाल्यावर टपालाने आलेले मूळ पत्रच शोधावे लागते, आणि ते पत्र मंडळाच्या कपाटात नेमके कुठे असेल याचा विचारही मला करवत नाही.

प्रथम राउटर उलटा करून त्याच्या तळावरील चिठ्ठी पाहावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नसेल, तर तो तिथेच छापलेला असतो. मात्र आपल्याकडच्या फ्रिट्झबॉक्स जातीच्या नव्या राउटरवर बहुधा दोन पासवर्ड असतात: एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरची मांडणी बदलण्याच्या पानाचा. आपल्याला सध्या पहिला हवा आहे, पण दुसराही टिपून ठेवावा.

चिठ्ठीवरचा पासवर्ड चालला नाही, तर लॅपटॉपकडे वळावे. विंडोज ११ अद्ययावत असेल, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क व इंटरनेट, त्यात वायफाय आणि त्यात ओळखीच्या जाळ्यांची यादी उघडावी. आपल्या जाळ्याचे नाव निवडल्यावर सुरक्षा-किल्ली दाखवण्याचे बटण दिसते. ते दिसले नाही, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा आणि एक ओळ रोमन लिपीत टंकावी: आधी एन-ई-टी-एस-एच हा शब्द, मग डब्ल्यू-एल-ए-एन, मग शो, मग प्रोफाइल, त्यानंतर नेम, बरोबरचे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्हांत जाळ्याचे नाव, आणि शेवटी की, बरोबरचे चिन्ह व क्लिअर. प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडावी, परंतु बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला सोडू नये. विंडोज जर्मन असली तरी ही आज्ञा इंग्रजीतच चालते. फक्त उत्तर जर्मनमध्ये येते. म्हणून उत्तरात ‘श्ल्युसलइनहाल्ट’ (म्हणजे किल्लीचा मजकूर) असे लिहिलेली ओळ शोधावी, तिच्यापुढे पासवर्ड असतो. तो उतरवताना छोटा एल आणि एक हा आकडा, तसेच मोठा ओ आणि शून्य यांत गफलत होते, तेव्हा हाताने न लिहिता तिथूनच नक्कल करून घ्यावा.
कळावे,
आपला स्नेहांकित

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: कार्यालयातील वायफायचा पासवर्ड

नमस्कार काका,
आपले पत्र उपयोगी आहे, पण वाचून चिंताही वाटली. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड विसरल्यावर तो कोणी दाखवत नाही, नवाच करावा लागतो. मग वायफायचा पासवर्ड इतक्या सहज कसा दिसतो? शिवाय आमच्या घरी मॅक आहे आणि मुलाच्या संगणकावर एड्युरोम हे विद्यापीठाचे वायफाय आहे. तिथे काय करावे?

प्रेषक: एक आजीव सभासद
विषय: उत्तर: कार्यालयातील वायफायचा पासवर्ड

प्रिय ताई,
आपला प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. ईमेलची कंपनी आपण दिलेला पासवर्ड फक्त पडताळून पाहते, म्हणून तिला तो मूळ रूपात ठेवण्याची गरज नसते. त्यापासून बनवलेली, उलट फिरवता न येणारी खूण ठेवली तरी पुरते. वायफायच्या बाबतीत आपला लॅपटॉप पडताळणारा नसून प्रवेश मागणारा आहे, आणि तो हे काम रोज आपल्याला न विचारता, कित्येकदा आपण लॉगिन करण्याच्याही आधी करतो. त्यामुळे पासवर्ड परत मिळेल अशा रूपातच साठवावा लागतो. विंडोज तो कूटबद्ध करून ठेवते, पण ते कूट उलगडण्याची सोयही त्याच यंत्रात असल्यामुळे, प्रशासकाचा अधिकार असलेल्या कोणालाही तो वाचता येतो. माझ्या मते खरी काळजी इथे घ्यावी: कार्यालयातील लॅपटॉपला लॉगिनचा पासवर्ड असावा आणि प्रशासकाचा अधिकार सर्वांना नसावा.

मॅकवर २०२२ मध्ये आलेल्या व्हेंचुरा या आवृत्तीपासून पुढे सिस्टम सेटिंग्जमध्ये वायफाय आणि त्यात अ‍ॅडव्हान्स्ड उघडले की जाळ्याच्या नावापुढील तीन टिंबांतून पासवर्डची नक्कल घेता येते. त्याआधीच्या मॅकवर कीचेन अ‍ॅक्सेस या साठवलेले पासवर्ड दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये जाळ्याचे नाव शोधावे लागते. आयफोनवरही आयओएस १६ पासून चेहरा किंवा बोट ओळखून तो दाखवला जातो, म्हणजे मागील कार्यकारिणीतील कोणाचा फोन अजून कार्यालयात जोडला जात असेल, तर तोही मार्ग खुला आहे.

एड्युरोमची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे सर्वांचा मिळून एक पासवर्ड नसतो. प्रत्येक जण आपल्या विद्यापीठाच्या खात्याने आत जातो, म्हणून शोधून इतरांना द्यावे असे तिथे काही नसतेच, आणि चिरंजीवांनी आपल्या खात्याची माहिती कोणाला देऊही नये.

जाता जाता एक आग्रहाची विनंती. सापडलेला पासवर्ड उत्सवात फळ्यावर लिहू नये, कारण त्याच जाळ्यावर मंडळाचा प्रिंटर आणि हिशेबाचा संगणक आहे. फ्रिट्झबॉक्समध्ये अतिथींसाठी स्वतंत्र वायफाय सुरू करता येते, त्याचा पासवर्ड वेगळा असतो, त्यावरून आतील यंत्रांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि त्याचा क्यूआर कोड छापून प्रवेशद्वाराशी लावता येतो. नोंदणीच्या टॅबलेटनाही तेच पुरेसे आहे.

प्रेषक: सचिव
विषय: उत्तर: कार्यालयातील वायफायचा पासवर्ड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिठ्ठीवरील वायफायचा पासवर्ड बदललेला निघाला, परंतु लॅपटॉपवर वरील आज्ञेने चालू पासवर्ड मिळाला आणि तो कोषाध्यक्षांकडील बंद पाकिटात ठेवला आहे. राउटरच्या मांडणीच्या पानाचा पासवर्ड चिठ्ठीवरचाच चालतो. अतिथींचे वायफाय शनिवारी सकाळच्या बैठकीपूर्वी सुरू करून घेऊ. काकांनी अर्धा तास आधी यावे, ही विनंती.