ड्राफ्टमध्ये गरजेचा प्लेअर घ्यायचा की सगळ्यात चांगला?

रानपाखरू:
मंडळी, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नेटाने बघतोय पण ऑफ-सीझनचं गणित अजून डोक्यात बसत नाही. माझ्या टीमची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) पार ढासळलीय, क्वार्टरबॅकला बॉल फेकायला वेळच मिळत नाही, आणि तरी सगळे मॉक ड्राफ्टवाले (ड्राफ्टमध्ये टीम एकेक करून कॉलेजची पोरं निवडतात, त्याचा आधीच अंदाज लिहिणारे) पहिल्या राउंडला आम्हाला वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) देतायत, का तर कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना, तो पोरगा जाम जोरात पळाला. मग लाइनचं काय? आणि ड्राफ्ट एप्रिलमध्ये आहे तर मार्चमध्येच फ्री एजंटांवर (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या प्लेअरांवर) एवढे पैसे कशाला ओततात, आधी पोरं कोणती मिळतात ते तरी बघा ना.

डावखुरा:
पळण्याच्या आकड्याला भुलू नका हो. जॉन रॉस हा रिसीव्हर २०१७ च्या कम्बाइनला ४० यार्ड ४.२२ सेकंदात पळाला, तेव्हाचा रेकॉर्ड होता, सिनसिनाटीने नवव्या नंबरला उचलला आणि पहिल्या सीझनला त्याच्या नावावर एकही कॅच नव्हता. आता उलटं बघा, ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, ऑफेन्सिव्ह टॅकल (लाइनच्या टोकाचा माणूस), २०१८ ला ५.८५ सेकंद लावले, लोकांनी नावं ठेवली, घसरत घसरत तिसऱ्या राउंडला बाल्टिमोरकडे गेला आणि पुढे प्रो बोलपर्यंत (लीगच्या निवडक प्लेअरांचा मान) पोचला, कॅन्सस सिटीकडून सुपर बोलही (लीगची फायनल) जिंकला. टॅकलला सरळ ४० यार्ड पळायची वेळ कितीदा येते सांगा? त्याचे पाय, हात, समोरचा अंगावर आल्यावर तोल राहतो का, हे सगळं मॅचच्या फिल्ममध्ये दिसतं. कम्बाइनचा खरा उपयोग मेडिकल तपासणी आणि मुलाखतींना, आणि आकडा फिल्मशी जुळला नाही तर परत जाऊन फिल्म बघायची, एवढंच. सीनियर बोलच्या (ड्राफ्टआधी कॉलेजच्या पोरांची खास मॅच) आधी अलाबामातल्या मोबाइल शहरात आठवडाभर प्रॅक्टिस होते ती मात्र जरूर बघा, तिथे लाइनमन आणि पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) समोरासमोर भिडतात, त्या एकास-एक ड्रिलमधून मला तरी सगळ्यात जास्त कळतं.

कट्टा_३२:
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच पहिल्याचं उत्तर आहे. मार्चमध्ये भोकं बुजवायची ती एवढ्यासाठी की एप्रिलमध्ये अडून बसायला लागू नये. लाइनमध्ये खड्डा ठेवून ड्राफ्टला गेलात की तुम्हाला टॅकल हवाय हे ३१ टीमना माहीत असतं, कोणीतरी दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून तुमच्या आधीचा नंबर मिळवून तो घेऊन जातं आणि मग तुम्ही दुसऱ्या राउंडच्या लायकीचा पोरगा पहिल्याला घेता. त्यापेक्षा एखादा ठीकठाक अनुभवी गार्ड (लाइनमधला टॅकलच्या शेजारचा) किंवा टॅकल वर्ष-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आणायचा, फार महाग नको, आणि ड्राफ्टला जो खरंच सगळ्यात चांगला उरलाय तो घ्यायचा.

पैशाचंही बघा. २०२५ ची सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) २७.९२ कोटी डॉलर होती, त्यातच सगळं बसवायचं. २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला पहिला नंबर म्हणून सहा वर्षांचे साधारण ७.८ कोटी मिळाले, मग लीग आणि प्लेअरांच्या संघटनेचा नवा करार आला आणि २०११ ला कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. तेव्हापासून रुकी (नवख्याच्या पहिल्या) कॉन्ट्रॅक्टवरचा चांगला प्लेअर ही टीमची सगळ्यात मोठी बचत आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ ला क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे नंबर देऊन टाकले, तो चालला नाही, पण २०२२ ला अगदी शेवटच्या, २६२ व्या नंबरला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी सापडला, वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी पगार, म्हणूनच बाकीच्या महागड्या लोकांना टिकवता आलं आणि टीम सुपर बोलपर्यंत गेली. २०२५ ला त्याचा नवा करार झाला, पाच वर्षं २६.५ कोटीपर्यंत, आता तिथलं सगळं नियोजन बदलणार.

रानपाखरू:
हे भारी समजावलंत, धन्यवाद. म्हणजे रिसीव्हर घेणं तितकंसं चूक नाही, फक्त आधी लाइनला माणूस आणला पाहिजे. पण मग फ्री एजन्सीत दोन मोठे टॅकल आणले तर प्रश्नच मिटला ना?

सोनचाफा:
नाही मिटत, कारण बाजारात येणारे खरे चांगले टॅकल फार कमी, त्यांची टीम त्यांना सोडतच नाही, नाहीतर फ्रँचाइझ टॅग लावते (ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष अडवून ठेवते). आणि चुकीच्या माणसाला गॅरंटी दिली की तो गेल्यावरही पैसे कॅपवर राहतात. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा ८.५ कोटी डॉलरचा डेड मनी दोन वर्षांत वाटून घ्यावा लागला. तरी २०२४ ला प्लेऑफला गेले, कारण नवा क्वार्टरबॅक बो निक्स रुकी पगारावर होता. कॉलेजमध्ये ६१ मॅचला स्टार्टर राहिलेला पोरगा, वय जास्त म्हणून कितीतरी जणांनी त्याला खाली ठेवला होता. लाइनमनच्या बाबतीत मी तरी हेच आधी बघते, किती मॅच खेळलाय आणि कोणासमोर.

रिसीव्हर उशिरा पण मिळतात हो, पुका नाकुआ २०२३ ला पाचव्या राउंडला, १७७ वा, आणि पहिल्याच सीझनला १०५ कॅच. म्हणून तुमच्या नंबरला टॅकल आणि रिसीव्हर दोघं साधारण सारखेच वाटत असतील तर मी टॅकलच घेईन. तुमचा सध्याचा लेफ्ट टॅकल कोणत्या वर्षापर्यंत कॉन्ट्रॅक्टवर आहे ते बघून इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.