आई-वडील अ‍ॅडमिट झाले की लगेच निघावं, की डिस्चार्जला पोहोचावं?
(सोलापूरकरांचा चर्चेचा धागा; लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव आहे.)

होटगी रोड
परदेशातल्या मुलाला सोलापुरातून फोन जातो, 'बाबांना अ‍ॅडमिट केलंय, निघ.' तो मिळेल ते तिकीट काढतो, दोन आठवड्यांची रजा टाकतो आणि ती रजा आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर संपते. बाबा घरी येतात तेव्हा याची परत जायची वेळ झालेली असते. माझं मत स्पष्ट आहे: एकच फेरी जमणार असेल तर ती डिस्चार्जसाठी राखून ठेवा.

पक्षाघाताचंच बघा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अमेरिकेहून नुसतं मुंबईत उतरायला 15 तास, पुढे सोलापूर 400 किलोमीटर. ते इंजेक्शन वेळेत मिळणं ही कामगिरी शेजाऱ्याची आणि रिक्षावाल्याची, मुलाची नाही. आयसीयूत तर दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं भेट.

घरी आल्यावर मात्र दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस आणली म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज घरोघरी आहे आणि माकडहाडाजवळची जखम त्यातूनच होते. नाकातल्या नळीने भरवायचं तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी. एका वेळी साधारण 200 मिली, तेही सिरिंजचा दट्ट्या न दाबता, सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्यायचं. मग 30 मिली पाणी, आणि पाऊण तास तसंच टेकवून ठेवायचं. पेशंट सांभाळायला ठेवलेली नवी मावशी भरवते आणि लगेच पलंग आडवा करते. अन्न उलटून श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो आणि पुन्हा अ‍ॅडमिट. घरातलं कुणीतरी आठ-दहा दिवस शेजारी उभं राहिलं तरच मावशीचा हात बसतो.

सात रस्ता
साडेचार तासांचं बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. पहिल्या आठवड्यात नुसती वाट बघायची असते हे कुणी सांगितलं? खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन शक्यतो 48 तासांत व्हावं लागतं. व्हेंटिलेटर लांबला तर सात-दहा दिवसांनी गळ्याला छिद्र पाडायचं का, हे विचारतात. त्या कागदावर इथला भाऊ नाहीतर वहिनी एकटी सही करते. पुढे काही वाईट झालं की 'तुम्ही घाई केलीत' हे ऐकायलाही तीच. निर्णयात वाटा उचलायचा असेल तर त्या दिवसांत इथं असायला हवं. फोनवर डॉक्टर दोन मिनिटं बोलतात, समोर उभं राहिलं की सीटी स्कॅन उघडून दाखवतात.

आणि प्रत्येक आजारपणात डिस्चार्ज होतोच असं नाही. त्या हिशेबाने थांबलेल्याला शेवटची भेट मिळत नाही, आणि ते पुढे कशानेही भरून येत नाही.

दुसरं, 'एकच फेरी' हे सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेत 50 किंवा जास्त माणसांच्या कंपनीत वर्षभर आणि किमान 1250 तास काम झालं असेल तर गंभीर आजारी आई-वडिलांसाठी 12 आठवडे बिनपगारी रजेचा कायदेशीर हक्क आहे, पालक भारतात असले तरी. ती तुकड्यांत घेता येते. दहा दिवस आत्ता, उरलेली डिस्चार्जनंतर. सासू-सासरे मात्र त्यात बसत नाहीत. आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर निघण्याआधीच चौकशी करा, नाहीतर परत जाताना मुलाखतीच्या तारखेसाठी अडकून पडाल.

जुनी मिल
लगेच आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणतो, 'पुण्याला हलवा.' या धाग्यात ते आलंच पाहिजे. 250 किलोमीटर, अ‍ॅम्ब्युलन्सला साडेचार-पाच तास. पेशंटला मिनिटाला 10 लिटर ऑक्सिजन लागत असेल तर तासाला 600, पाच तासांना 3000 लिटर. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो. दोन छोटे घेऊन निघालेली गाडी हडपसरच्या कोंडीत अडकली की काटा शून्यावर. मोठा जंबो सिलिंडर आहे का, भरलेला आहे का, हे गेज स्वतः बघून मगच स्ट्रेचर चढवा. तिकडच्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांचं बोलणं होऊन बेड पक्का झाल्याशिवाय तर गाडी हलवूच नका. जे उपचार इथं होतात त्यासाठी हलवणं म्हणजे पेशंटला पाच तास विनाकारण धोक्यात घालणं.

विजापूर वेस
दोघंही उशिराच्या वेळेवर भांडताय. खरी फेरी आजारपणाच्या आधीची, आई-वडील शुद्धीत आणि सही करण्याजोगे असताना. बरेच जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. करार कायदा 1872, कलम 201: मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपलं. स्मृतिभ्रंश वाढला की नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी.

म्हणून पेन्शनचं खातं आधीच पती-पत्नीच्या नावे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकेल असं) करून घ्या. हात चालत नसेल पण समज असेल तर अंगठ्यावर पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. वय 70 किंवा जास्त असेल तर सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वयवंदना कार्ड आधीच काढून ठेवा, 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. विम्याच्या फाईलवर टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर मोठ्या अक्षरात लिहा. तातडीने अ‍ॅडमिट केलं तर सहसा 24 तासांत कळवायचं असतं आणि त्या धांदलीत फाईल कुणालाच सापडत नाही.

जुळे सोलापूर
पाण्याचं कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी. झोपून असलेल्या माणसाच्या चादरी, कपडे, स्पंजिंग धरून रोजचे शंभरेक लिटर जास्तीचे लागतात. डिस्चार्ज आणि पाण्याचा दिवस यांचा मेळ बसवा, नाहीतर आधी टँकर सांगून ठेवा. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) लावणार असाल तर मिनिटाला 5 लिटरच्या मशीनला 300 ते 400 वॅट लागतात. घरच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते काही तासच चालेल. भरलेला सिलिंडर खोलीत हवाच.

आणि विमान हैदराबादला मिळत असेल तर ते बघा. रस्त्याने 300 किलोमीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा जवळ.

होटगी रोड
रजा तुकड्यांत घेता येत असेल तर सात रस्ता यांचं मान्य, आधी या आणि नंतरही या. ज्यांना एकच दोन आठवडे मिळतात त्यांच्यासाठी मात्र मी मत बदलत नाही, अपवाद एवढाच: 'वाचतील का सांगता येत नाही' असं डॉक्टर म्हणाले तर त्याच रात्री निघा. बाकी वेळी इथल्या भावाला डॉक्टरांना एवढंच विचारायला सांगा, 'घरी कधी सोडाल आणि कोणत्या नळ्या घेऊन?' फक्त लघवीची पिशवी असेल तर दोन-तीन दिवसांत हात बसतो. नाकातली नळी किंवा गळ्याचं छिद्र असेल तर डिस्चार्जच्या चार दिवस आधी पोहोचा आणि वॉर्डातल्या सिस्टरसमोर सक्शन (कफ मशीनने ओढून काढणं), ड्रेसिंग, भरवणं स्वतःच्या हाताने करून बघा. आईला किंवा वहिनीलाही सोबत उभं करा. तुम्ही गेल्यावर रात्री दोन वाजता सक्शन त्याच करणार आहेत.