भूकंपाला ‘देणगी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

औसेकर: काल इथे पोस्ट पडली, ‘किल्लारीच्या भूकंपाने माणसांना जगण्याचा अर्थ दिला, संकट ही देणगीच असते.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. लोक गणपती विसर्जन करून दमून झोपले होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताचा भार, सगळं झोपेतच अंगावर आलं. माझ्या मावशीची दोन पोरं गेली. १९९२पासूनच जमीन हादरत होती, तेव्हा लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग वेळीच हालचाल का झाली नाही? देणगी म्हटलं की हे कुणी विचारतच नाही.

तेरणाकाठ: पोस्ट माझी आहे. माझी आजी त्यातच गेली. आजोबा माळकरी, ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणाले आणि त्याच बळावर पुढे जगले. त्यांचा तेवढा आधारही काढून घेणार का?

औसेकर: आजोबांनी स्वतःच्या दुःखाबद्दल काहीही म्हणावं, त्यांचा हक्क आहे. तुम्ही ते सगळ्यांच्या माथी मारताय. मावशी माहेरी आली, कितीतरी महिने कुणाशी बोलली नाही. माहेरच्या गावाला नुसते तडे गेले होते. तिथे घरदुरुस्तीच्या योजनेत गावातल्या बायकांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि योजना यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं. तीही त्या कामाला लागली. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड बसवलाय का, हे स्वतः वाकून बघायची. गवंडी वैतागायचे. ‘परत कुणाचं लेकरू भिंतीखाली जाऊ नये,’ एवढंच म्हणायची. तिला उभं केलं ते या कामानं, भूकंपानं नाही.

माळवद: अर्थाबिर्थाचं राहू द्या, पुनर्वसनाचं बोला! जमिनीच्या हिशोबानं घरं दिली, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. मेलेल्यांतही सातबारा बघितला. गल्ल्या मोडल्या, शेजार तुटला, शेत लांब गेलं.

लातूरची_लेक: मग काय, परत त्याच दगडमातीत राहायचं होतं? माझी आई सिमेंटच्या छताखाली निर्धास्त झोपली, तेही बऱ्याच वर्षांनी. तुम्हाला माळवदाचा गारवा आठवतो, तिला ढिगारा आठवतो.

माळवद: आईंबद्दल मी एक शब्द तरी बोललो का? लाकडी खांबांवरची कितीतरी माळवदं तगली होती. दोष बांधणीचा होता, दगडाचा नाही. गावाला विचारून बांधलं असतं तर गल्लीही राहिली असती.

लातूरची_लेक: बांधणीचं पटतं. पण पावसात पत्र्याच्या शेडमध्ये पोरं घेऊन बसलेल्या बाईनं अजून किती विचारविनिमय करत बसायचं?

तेरणाकाठ: विषय घरांवरच गेला. औसेकर, ‘देणगी’ हा शब्द मागे घेतो, बस? पण तुमच्या मावशींना जगायला कारण सापडलंच ना? मी तेच म्हणत होतो.

औसेकर: तुम्ही तसं म्हणत नव्हता. कारण तिनं शोधलं, आणि बाजूला काम देणारी माणसं होती म्हणून सापडलं. त्याच गावात ज्यांना काहीच सापडलं नाही, ती माणसं कमी पडली असं तुमच्या पोस्टमधून निघतं. मावशीचे यजमान त्यांतलेच. दारूत गेले. त्यांना कुणी विचारायलाही आलं नाही.

तेरणाकाठ: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पोस्ट बदलतो. पण आजोबांचं वाक्य तसंच राहणार, ते काढणार नाही.

माळवद: आणि २५० फुटांचं?