मदत हवी आहे: डस्ट मर्यादा बदलायचा प्रस्ताव, बीआयपी (बिटकॉइन सुधारणेचा औपचारिक प्रस्ताव) लिहू की थेट पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल) पाठवू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइन नोड (व्यवहार तपासून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) चालवतो (लाइट गेली की तोही जातो, ते सोडा).

बिटकॉइन कोअर (सर्वाधिक वापरलं जाणारं नोडचं सॉफ्टवेअर) २९.१ मध्ये व्यवहार पुढे पाठवायचा किमान दर १ वरून ०.१ सॅटोशी प्रति व्हीबाइटवर आला (सॅटोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, व्हीबाइट हे व्यवहाराच्या आकाराचं माप). डस्ट, म्हणजे खर्चायच्या फीपुढे नगण्य रक्कम, ठरवायचा दर मात्र अजून ३ च. म्हणून साध्या सेगविट (नव्या धाटणीच्या) पत्त्यावर २९४ सॅटोशींपेक्षा कमी पाठवले, तर नोड तो व्यवहार पुढे सरकवत नाही. मला हा दरही ०.३ वर आणायचा प्रस्ताव रीतसर मांडायचाय.

कॉलेज रोडला आम्ही तिघं-चौघं चहाला बसतो. त्यातला एक म्हणतो, बीआयपी लिही, नंबर मिळव, तरच कुणी विचारेल. मला पटत नाही. डस्टमुळे ब्लॉक अवैध थोडाच ठरतो? लासलगावात बाजार समितीचा नियम वेगळा आणि एखादा व्यापारी गोल्टी (बारीक कांदा) घेत नाही ते वेगळं. मसुद्यात हेतू, तपशील, कारणमीमांसा झालंय. 'जुन्याशी सुसंगतता' खाली काय लिहू? कुणाचं काही बिघडत नाही ना?

गोदाकाठ: गोल्टीचं उदाहरण चोख! डिफॉल्ट बदलायला बीआयपी लागत नाही. फुल आरबीएफ (ब्लॉकमध्ये न गेलेला कुठलाही व्यवहार जास्त फी देऊन बदलता येणं) बघा, २४.० मध्ये नुसता पर्याय आला, २८.० मध्ये डिफॉल्ट झाला, दोन्ही वेळा पुल रिक्वेस्टनेच. वॉलेटवाल्यांना नेमके नियम हाताशी हवेत तिथे बीआयपी कामाचा, जसे १२५ आणि ४३१. आणि लिहिलाच, तर नंबर स्वतःच टाकू नका, तो संपादक देतात.

रात्रपाळी: बिघडतं की! लाइटनिंगच्या (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं जाळं) बोल्ट २ या नियमपत्रात ३५४ सॅटोशींखालची डस्ट मर्यादा नाकारायला सांगितलंय, आणि तो आकडा याच ३ च्या दरातून निघालाय. तुमचा रिकामा रकाना इथून भरायला घ्या. शिवाय फी वाढली की असली चिल्लर कोण उचलणार? ती प्रत्येक नोडच्या यूटीएक्सओ संचात (न खर्चलेल्या रकमांच्या यादीत) पडून राहणार.

धागाकर्ता: मग २९४ तरी कुठे उचलले जातात? सेगविट इनपुट (ती रक्कम खर्चताना व्यवहारात लागणारा भाग) साधारण ६८ व्हीबाइटचा. फीचा दर २० झाला की तो खर्चायलाच १३६० लागतात.

रात्रपाळी: बरोबर, पण कुंपण ते नाहीच. आज कुणाला लाखभर तुकडे करायचे तर प्रत्येकात २९४, म्हणजे फी सोडून ०.२९ बिटकॉइन अडकवावं लागतं. तुमच्या ०.३ ने ते ०.०३ होईल. पहिला 'नॅक' (नकार) यावरच येईल बघा.

धागाकर्ता: हा हिशेब मसुद्यात कुठेच नाही. कारणमीमांसा परत लिहायला घेतो. दर १ ठेवला तर ९८ सॅटोशी येतात, तेवढं चालून जाईल का? लाइटनिंगचं वॉलेट लिहिणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा, ३५४ तुमच्या कोडमध्ये कुठे-कुठे बसलाय?