बीएस्सी उद्यानविद्या घेऊ का? घरचे म्हणतात ॲग्री घे (कोल्हापूर)

चिखलीकर_०७

नमस्कार. यंदा बारावी झाली (पीसीबी), सीईटी दिली आहे. आता फॉर्म भरायची वेळ आली आणि घरात रोज तोच विषय.

आमचं मूळ गाव प्रयाग चिखली. शेत नदीकाठी, मळईची जमीन, सव्वा एकर, सगळा ऊस. २०१९ आणि २०२१ ला जुनं घर पाण्यात होतं. आता आम्ही सोनतळीला राहतो. तिथं मुरूम. आईनं पहिल्या वर्षी मोगरा, जास्वंद, दोन आंबे, सीताफळ लावलं, त्यातलं मार्च संपेपर्यंत सीताफळ तेवढं राहिलं. म्हणजे एका जागी पाणी हटत नाही आणि दुसऱ्या जागी टिकत नाही. मला शिकायचंय ते हेच. जागा बघून झाडं कशी लावायची, पाणी कसं वळवायचं, शाळेचं आवार, रस्त्याकडेची जागा, बाग हे सगळं कमी पाण्यात, फवारणीशिवाय कसं उभं करायचं. इंटरनेटवर याला शाश्वत उद्यानविद्या आणि लँडस्केपिंग म्हणतात. परदेशात त्या नावाच्या पदव्या दिसतात, आपल्याकडे त्या नावानं काही सापडलं नाही.

आबा (आजोबा) म्हणतात ॲग्री घे, एमपीएससी दे. पप्पा म्हणतात बागा करायला पदवी कशाला, माळी आहेत की.

माझे प्रश्न: उद्यानविद्येत लँडस्केपिंग खरंच शिकवतात का, की सगळं फळबागच? त्यापेक्षा आर्किटेक्चर बरं का? आणि कोल्हापुरात या कामावर पोट भरतं का?

सेमिस्टर_सात

मी सध्या बीएस्सी ऑनर्स उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला आहे, मला माहीत आहे तेवढं सांगतो.

चार वर्षं, आठ सेमिस्टर. फळं, भाजी, फुलं, मसाला पिकं, काढणीनंतरचं तंत्र, शिवाय मृदशास्त्र, कीड, रोग, पाणी व्यवस्थापन. लँडस्केपिंग फुलशेतीच्या विभागात येतं. दोनतीन विषय, त्यापेक्षा जास्त नाही. शेवटच्या वर्षी गावात राहून काम आणि एक स्वतः चालवायचा उपक्रम असतो, त्यात मी रोपवाटिका घेतली.

कोल्हापुरातलं शासकीय कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, तिथं पदवी कृषीची. उद्यानविद्येची शासकीय महाविद्यालयं आणखीही आहेत, पण तुझ्या सोयीची म्हणजे पुण्याला एक (राहुरीचंच) आणि कुडाळजवळ मुळद्याला एक, ते दापोली विद्यापीठाचं. तुला मुळदे जवळ पडेल, घाट उतरला की आलंच. प्रवेश सीईटीवर, शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्याचे वाढीव गुण असतात, त्यामुळं आजोबांच्या नावचा उतारा आणि नात्याचा दाखला आत्ताच काढून ठेव. ऐनवेळी तलाठी भेटत नाही.

आजोबांना सांग, एमपीएससीच्या कृषी सेवेच्या परीक्षेला उद्यानविद्येची पदवीसुद्धा चालते.

जांभा_आणि_काळी

चिखलीकर, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी या कामात तेरा वर्षं आहे. पदवी उद्यानविद्येचीच. कोल्हापूर आणि आसपासच्या बंगल्यांची अंगणं, दोन शाळांची आवारं, एका वसाहतीतली झाडं असं काम करते.

आधी आर्किटेक्चरचं. ती पाच वर्षांची वेगळी पदवी आहे, लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचं तर त्यावर आणखी दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. मोठ्या जागेचा आराखडा, चढउतार, भिंती, पायऱ्या, पाण्याच्या वाटा यांचं ते शिक्षण. तुझ्या लिहिण्यात पहिल्यापासून माती आहे. तू उद्यानविद्या घे आणि चित्र काढणं, मोजमाप घेणं बाहेरून शीक. उलटं करणं जास्त अवघड जातं, हे मी माझ्या आर्किटेक्ट सहकाऱ्यांकडं बघून सांगते. त्यांची रेघ सुंदर असते, पण कुठलं झाड सावलीत रडतं हे त्यांना मला विचारावं लागतं.

आता शाश्वत या शब्दाबद्दल. त्या नावाचा पेपर नसला म्हणून तो विषय नाही असं समजू नकोस. तो मृदशास्त्रात आहे, सिंचनात आहे, कीटकशास्त्रात आहे. अडचण अशी की हे विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकवतात आणि जोडायचं काम आपल्यावर राहतं.

माझ्यावर ते कसं आलं ते सांगते. कामाच्या तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका बंगल्यासमोर सात बहावे लावले. तीन बाय तीन फुटांचे खड्डे, तेवढेच खोल, आत शेणखत आणि पोयटा. पुस्तकात असतं अगदी तसं. जूनमध्ये लावले आणि ऑगस्ट संपायच्या आत पाच गेले. उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली, आंबूस वास. जागा काळ्या चिकण मातीची होती. अशा मातीत खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. पाऊस लागला की भोवतीची माती फुगते, भेगा मिटतात, आणि आपण भरलेल्या भुसभुशीत मातीत उतरलेलं पाणी तिथंच कोंडतं. मुळांना हवा मिळत नाही. काळी माती का फुगते हे मी परीक्षेत दोन पानं लिहिलं होतं आणि गुणही चांगले मिळाले होते. पण ती दोन पानं आणि हातातलं फावडं यांची गाठ पडली नव्हती. त्या बंगल्यातल्या आजींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते अजून आठवतं. पाचही झाडं मी माझ्या खर्चानं परत लावली. या वेळी दीड फूट उंच, सहा फूट रुंद मातीची गादी करून वरच्या वर लावली, खड्डा उथळ, त्याच मातीनं भरलेला, वर पाचटाचं आच्छादन. आता मे महिन्यात त्या रस्त्यानं जाताना मी गाडी थांबवते.

तुझ्या सोनतळीच्या मुरमात नेमकं उलटं. तिथं खड्डा मोठाच हवा, कारण पाणी थांबायला जागाच नाही. भोवती आळं, उताराच्या वरच्या अंगाला अर्धगोल चर, आणि आच्छादन चार बोटं तरी जाड. पाचट तुमच्या शेतात आहेच, ते जाळू देऊ नकोस. मोगऱ्याच्या आधी करवंद, धायटी, कडुनिंब, कुसुंब असलं काही उभं राहू दे. त्यांची सावली आणि पालापाचोळा पडायला लागला की मोगरा जगेल. आणि नदीकाठच्या बांधाला वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. ही झाडं पाण्यात पाय ठेवून उभी राहतात, पूर ओसरल्यावर परत फुटतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, आणि तू लिहिलेल्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या पुढं गेलं. तिथं काय टिकलं आणि काय वाहून गेलं हे तुझ्या आबांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं माहीत असणार. त्यांना विचार आणि वहीत लिहून ठेव.

पाण्याचा हिशोब आत्ताच शिकून घे, त्याला कॉलेज लागत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये हिरव्या लॉनला रोज साधारण पाच मिलिमीटर लागतं. दोनशे चौरस मीटरचं लॉन धर. रोज हजार लिटर, मार्च ते मे जवळजवळ नव्वद हजार. आता छप्पर बघ. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शंभर चौरस मीटरच्या छपरावर लाखभर लिटर. कागदावर जमतं. पण ते सगळं चार महिन्यांत येतं आणि नव्वद हजार लिटरची टाकी अंगणात कोण बांधणार? एवढं पाणी राहील अशी एकच जागा अंगणात असते, ती म्हणजे माती. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी लॉन चतुर्थांश करायला सांगते, बाकीच्या जागेत झाडं, झुडपं आणि आच्छादन. निम्मे लोक नाही म्हणतात. निम्मे ऐकतात, आणि तेवढ्यावर माझं घर चालतं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, रोपवाटिका बघ. मुलांच्या हातात कलमाचा चाकू आठवड्यातून किती वेळा येतो ते तिथल्या मुलांना विचार. डोळा भरणं, गुटी, पाचर कलम हे शंभरदा केल्याशिवाय हातात बसत नाही. आणि आवारातला पालापाचोळा जाळतात की कुजवतात तेही बघ. जिथं सप्टेंबरमध्ये कोपऱ्यातून धूर येतो, तिथं सेंद्रिय पदार्थावरचं व्याख्यान कितीही चांगलं असलं तरी मुलं धूरच शिकतात.

बाहेरून शिकायच्या दोन गोष्टी. पहिली, लेव्हल काढणं. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी काढतात तशी. पाणी कुठं जाणार हे डोळ्याला कळत नाही, नळीला कळतं. दुसरी, झाडं ओळखणं, तीही पान गळलेलं असताना. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान बघ. तिथं सह्याद्रीतली दुर्मीळ कंदीलपुष्पं जपली आहेत. पावसाळ्यात जा, वही घेऊन.

उचगाव_नर्सरी

ताईंनी सांगितलं ते खरं हाय. मी नर्सरीवाला, शिक्षण दहावी, धंद्यात बावीस वर्षं. पोरी, तुझ्या पप्पांना माझा नमस्कार सांग आणि सांग की माळी हायत, पण चांगला माळी मिळंना झालाय. खुरपं धरणारे लय हायत, कुठली फांदी का छाटायची ते सांगणारा एखादा.

पण एक अडचण मीबी सांगतो. ताई म्हणत्यात देशी झाडं लावा. गिऱ्हाईक येतं ते म्हणतं लवकर वाढंल, पान गळणार नाही, कायम हिरवं दिसंल असं द्या. मग कोनोकार्पस हे परदेशी झाड जातं. गुजरातनं २०२३ ला त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हितं अजून लोक रांगेनं लावत्यात. मी गेल्या साली बंद केलं. पण त्याच्या जागी द्यायला वारस, कुसुंब, वाळुंज, सीता अशोक आठ फुटी पाहिजे म्हटलं तर माल कुठाय? कोण करतच नाही. तू कॉलेजात जाऊन हे कर. बी कधी गोळा करायचं, किती दिवसांत पेरायचं, हेच खरं शिक्षण. जांभळाचं बी वाळलं की मेलं, खाल्लं की आठवड्यात पिशवीत गेलं पाहिजे. बहाव्याचं बी दगडासारखं, घासून किंवा गरम पाण्यात टाकून पेरल्याबिगर उगवत नाही. आणि कोकोपीट लांबनं आणायची गरज नाही. साखर कारखान्याची कुजवलेली प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), भाताच्या तुसाची काळी राख आणि पोयटा, यात माझी रोपं झकास येत्यात. प्रेसमड ताजी वापरू नको फक्त, गरम असती, मुळं भाजती.

सुट्टीत ये. पगार नाही, चहा हाय.

जांभा_आणि_काळी

उचगावकर, आठ फुटी मालाचं बोललात ते अगदी वर्मावर. मागच्या वर्षी एका शाळेसाठी मला चाळीस ताम्हण हवे होते, महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि तीन तालुक्यांत फिरून सव्वीस मिळाले. म्हणून, चिखलीकर, पोट भरण्याचं विचारलंस ना, तर ही मोकळी जागा तुझ्यासमोर आहे. नुसत्या डिझाइनवर सुरुवातीची तीनचार वर्षं ओढाताण होते. मी तेव्हा संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. पण सोबत स्वतःची देशी झाडांची रोपवाटिका असेल तर दर महिन्याला काहीतरी हातात येतं, आणि आपल्या कामासाठी आपलाच माल असतो. घरच्यांना चार वर्षांची फी जड जात असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या उद्यानविद्येतल्या पदविका आहेत, काम करत करता येतात. तुझे गुण बरे असतील तर मात्र पदवीच घे. मृदशास्त्र आणि रोगशास्त्र घाईनं शिकू नये.

एक काम देते. दोन्ही जागची माती आण, दोन सारख्या बरण्या घे, अर्धी माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, खूप हलव आणि ठेवून दे. वाळू मिनिटात बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकण माती दिवसदिवस तरंगते. थर पट्टीनं मोज आणि इथं लिही.

चिखलीकर_०७

ताई, काका, दादा, मनापासून आभार. सातबारा काढला. तलाठी दुसऱ्या फेरीत भेटले.

बरण्या शनिवारी केल्या. सोनतळीची: बारा सेंटिमीटर मातीत साडेआठ सेंटिमीटर वाळू आणि बारीक खडे, मिनिटभरात खाली, तासाभरात वरचं पाणी बऱ्यापैकी निवळ. चिखलीची: तळाला जेमतेम बोटभर वाळू, त्यावर पोयट्याचा जाड थर, आणि आज सोमवार तरी पाणी अजून गढूळच आहे. दोन्ही खिडकीत ठेवल्यात. पप्पा काही बोलले नाहीत, पण सकाळी चहा घेऊन तिथंच उभे होते.

आबांना पुराचं विचारलं. ते म्हणाले, बांधावरचं उंबराचं झाड त्यांच्या लहानपणापासून आहे, २००५ च्या पुरातही तिथंच होतं. शेवरी आणि सुबाभूळ गेली. करंजाला वर गाळ बसला होता, पुढच्या पावसाळ्यात फुटला. आणखी चौदा नावं सांगितली, त्यातली पाच मला माहीत नाहीत. त्यांना घेऊन रविवारी बांधावर जाणार आहे, पानं आणून फोटो टाकते.

मुळद्याला पहिला पसंतीक्रम देते आहे, पुणे दुसरा.

काका, आमच्या जुन्या घराशेजारची जांभळं पडायला लागलीत. बिया धुऊन लगेच आणू का तशाच फळासकट? आणि पिशव्या तुमच्याकडं मिळतील का, की येताना घेऊन येऊ?