‘लेसर मोजणी’ म्हणावे का?

विचारणा : नागपूरजवळच्या एका गावातील ग्रामसभेत वाचण्यासाठी मी पत्रक तयार करीत आहे. ड्रोनमधून छायाचित्रे घेऊन व लेसर किरण सोडून गावाचा संगणकीय नकाशा कसा तयार होतो, हे त्यात सांगायचे आहे. दुसऱ्या कामाला मी ‘लेसर छायाचित्रण’ लिहिले होते. सहकाऱ्यांना ‘लेसर मोजणी’ बरे वाटते. योग्य शब्द कोणता?

उत्तर : ‘छायाचित्रण’ नक्कीच नव्हे. कॅमेरा वस्तूवरून आलेला प्रकाश टिपतो, तर लेसर यंत्र स्वतः प्रकाशाचा स्पंद सोडते आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटीमीटर जातो. जाणे-येणे धरता तेवढ्या वेळाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटरची चूक. येथे खरोखरच मोजले जाते, म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचा शब्द तर्काला धरून आहे. तरीही मी तो ग्रामसभेत वापरणार नाही. आपल्याकडे ‘मोजणी’ म्हटले की भूकरमापक, हद्दीच्या खुणा आणि शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा वाद डोळ्यांपुढे येतो. ‘लेसर मोजणी झाली’ असे ऐकणारा माणूस हद्द कायम झाली असेच समजेल. लेसरला बांधाची उंची कळते, तो कोणाचा हे कळत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवण्याआधी गावठाणातील मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, त्याचे कारण हेच. मुंबई–नागपूर द्रुतगती रेल्वेसाठी २०२१ मध्ये झालेल्या हवाई कामाला ‘लायडार सर्वेक्षण’ म्हटले गेले; लायडार म्हणजे लेसरने अंतर काढण्याची हीच पद्धत. तुम्हीही ‘लेसर सर्वेक्षण’ लिहावे.

पुन्हा विचारणा : लेसरने मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या संचाला, म्हणजे ‘पॉइंट क्लाउड’ला, ‘बिंदुमेघ’ चालेल काय?

उत्तर : अभियंत्यांसाठी चालेल, किंबहुना शब्द देखणा आहे, पण जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या श्रोत्यांपुढे ‘मेघ’ भलतीकडे नेईल. तेथे ठिपक्यांच्या रांगोळीचा दाखला द्यावा : लेसरने मिळतात ते ठिपके, घर, रस्ता, विहीर यांच्या रेघा त्यांवरून नंतर ओढल्या जातात. फरक इतकाच की येथे प्रत्येक ठिपक्याला उंचीही असते. एकच स्पंद आधी झाडाच्या शेंड्यावरून, मग फांद्यांतून वाट मिळाल्यास जमिनीवरूनही परततो. त्यामुळे ‘भूपृष्ठाची उंची’ असे मोघम न लिहिता ‘झाडांसह व इमारतींसह उंची’ आणि ‘उघड्या जमिनीची उंची’ असे वेगळे लिहावे. पावसाचे पाणी कोणत्या नाल्याला मिळेल हे दुसरीवरून ठरते, आणि गावकरी बहुधा तेच आधी विचारतील.

राहिले ‘हवाई छायाचित्र’. ते रूढ आहे, बदलू नये. मात्र कॅमेऱ्याचा कल व जमिनीचा चढउतार यांमुळे आलेली विकृती काढल्यानंतरच त्यावर अंतर मोजता येते, म्हणून अशा प्रतिमेला ‘दुरुस्त छायाचित्र’ म्हणावे. ‘ऑर्थोफोटो’ हा शब्द एकदा सांगून ठेवला तरी पुरे.